ओढीची जोडी

डिसेंबर लागला की नागपुरात आमच्या बेसाच्या चौकात संत्र्यांच्या हातगाड्या येऊन उभ्या राहतात. सकाळी दूध आणायला खाली उतरलं की कोणीतरी उभ्याउभ्या संत्रं सोलत असतं, आणि सालीचा तो झणझणीत, डोळ्यांत बारीक पाणी आणणारा वास थंडीत सरळ नाकाशी येतो. माझी सून पुण्याकडची. ती म्हणते, आई, तुमच्याकडे हिवाळ्यालासुद्धा वास असतो. मी मान हलवते. असतो. पण मला त्या वासाच्या पाठोपाठ दुसराही एक वास येतो, जाड काळ्या गिअर तेलाचा, आणि तो तिला सांगून कळण्यासारखा नाही. मी दोन संत्री घेते, घरी येऊन खाते. गोड असतात. दरवर्षी गोड असतात, आणि दरवर्षी मला त्याचा थोडा रागच येतो.

काटोल रस्त्यावरच्या एका गावात मी सून म्हणून गेले ती सत्तरीच्या दशकात. माहेर नागपुरात, इतवारीच्या गल्लीतलं. वडील गिरणीत कामाला. संत्रं मला ठाऊक होतं ते फळवाल्याच्या टोपलीतलं. सासरी आल्यावर कळलं की संत्रं हे फळ नसून ऋतू आहे. आंबिया बहाराचा तोडा, म्हणजे फळं उतरवणं, सुरू झालं की घरात दुसरा विषय नसे. पहाटे धुकं बागेत झाडांच्या खांद्यांवर बसलेलं असे, पानांवरून दव टपटपत असे, आणि त्या ओल्या अंधारातून एकेक पिवळा दिवा लागावा तशी फळं दिसू लागत. बाया पदर खोचून फळं निवडत बसत. हाताच्या बोटांना सालीचं तेल लागून लागून चिरा पडत आणि संध्याकाळी भाकरी थापताना त्या चिरांत मीठ जाऊन जीव कळवळे. सुंदर होतं ते सगळं, हे मी नाकारत नाही. सुंदर गोष्टींनी माझं काही भलं केलं नाही, एवढंच.

घरात सासरे, त्यांना मी मामाजी म्हणत असे, आणि सासूबाई, त्या आत्याबाई. दोन मुलगे. थोरले किसनराव, माझे भासरे, आणि धाकटे वामनराव, माझे यजमान. भासऱ्यांशी सुनेनं सरळ बोलायची त्या घरात रीत नव्हती. ते अंगणात आले की मी पदर पुढे ओढायची आणि आत जायची. त्यांना काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगत आणि मी भिंतीकडून ऐकत असे. कामांची वाटणी अशी होती की बाग मामाजींची, गाडी वामनरावांची आणि नागपूरचा बाजार किसनरावांचा.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून निघालेला एक जुना पिकअप. मूळचा हिरवा रंग उडून त्यावर मामाजींनी निळा दिला होता, पण गावात तिला सगळे मिलट्रीच म्हणत. त्या भागात फळं अजून बैलगाडीनं रेल्वेपर्यंत जात होती तेव्हा आमच्या दारात मिलट्री उभी होती, आणि मामाजी सकाळी तोंड धुताना तिच्याकडे ज्या नजरेनं पाहत ती नजर त्यांनी कधी मुलांना दिली असेल असं मला वाटत नाही.

त्या वर्षी तोडा सुरू होण्याच्या तोंडावर मिलट्री नाल्यात बसली. आमची बाग नाल्यापलीकडे, उतारावर. भरली गाडी नाल्यातून बाहेर काढायची म्हणजे काळी माती चाकाला धरून ठेवायची आणि समोर उभा चढ. वामनरावांनी जोर लावला आणि खालून असा आवाज आला की बागेतल्या बायांनी हातातली फळं खाली ठेवली. मागच्या आसातल्या चाकांचे दात तुटले होते.

ते दात कशाचे, हे मला वामनरावांनी जेवायला बसल्यावर दाखवलं. परात उभी धरली, तिच्या काठाला एक वाटी टेकवली, आणि वाटी फिरवू लागले. वाटीचे कितीतरी फेरे झाले तेव्हा परातीचा एक झाला. मोटारीच्या मागच्या आसाच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो, त्याच्या पोटात अशीच दोन दातेरी चाकं, मोठं ते क्राऊन आणि लहान ते पिनियन. इंजिन लहान चाकाला फिरवतं, लहान मोठ्याला, मोठं गाडीच्या चाकांना. मग त्यांनी वाटी ठेवून मोठा वाडगा घेतला. आता परातीच्या एका फेऱ्याला वाडग्याचे थोडेच फेरे लागले. वाटीनं फिरवलं की गाडी ओढते पण पळत नाही, वाडग्यानं फिरवलं की पळते पण ओढत नाही, असं ते म्हणाले. मी विचारलं, दोन्ही जमणारी नाही का मिळत? ते हसले. माझ्या आठवणीत त्यांचं तसं मोकळं हसणं फार नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

नागपूरला मोमिनपुऱ्यात रशीदभाई म्हणून एक मेकॅनिक होते, जुन्या मोटारींचे भाग मिळवून बसवून देणारे. मामाजी, दोघे भाऊ आणि मी असे एसटीनं गेलो. मला दोन दिवस माहेरी टाकायचं होतं, म्हणून मी सोबत. गॅरेजच्या दाराशी एका स्टुलावर मी पदर घेऊन बसले होते. रशीदभाईंनी गोणपाटावर दोन जोड्या आणून ठेवल्या. दोन्ही वापरलेल्या, दोन्ही तेलानं काळ्या, पण दात शाबूत. एका जोडीत लहान चाकाचे जवळजवळ सहा फेरे झाले की मोठ्याचा एक. दुसरीत चारच. बसणार होती एकच, आणि एकदा बसवली की ती काढून दुसरी घालणं सोपं नव्हतं. रशीदभाईंनी हात पुसले आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणून चहा सांगायला निघून गेले.

किसनरावांना पळीची, म्हणजे चार फेऱ्यांची जोडी हवी होती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे जे झालं त्यानं त्यांचं सगळंच म्हणणं मला खोटं वाटायला लागलं. बाजारात सगळ्यांच्या गाड्या सकाळीच लागत. आमची मिलट्री पोचेपर्यंत बाहेरगावचे मोठे व्यापारी आपला माल निवडून मोकळे झालेले असत. मग उरलेल्यांपुढे किसनराव उभे. आडत्यांच्या दुकानांत त्यांच्यावर हसत, तुमची बैलगाडी आली का म्हणत. बागेत राबणाऱ्यांना हे कधी दिसलं नाही. फळ झाडावरून उतरवणं दिसतं, ते घेऊन कोणाच्या दारात उभं राहणं दिसत नाही.

वामनरावांचं म्हणणं एवढंच की सडकेवर कोणतीही गाडी पळते, पण आधी ती नाल्यातून निघायला पाहिजे. अर्धा माल भरून दोन खेपा करायच्या तर पळून फायदा काय. भाऊ बराच वेळ बोलले. आवाज चढले नाहीत, पण किसनराव शेवटी शेवटी वामनरावांकडे न बघता त्या चाकांकडे बघून बोलत होते.

मामाजी उकिडवे बसले होते. त्यांनी एका जोडीतलं लहान चाक उचललं, मोठ्याच्या दातांत बसवलं आणि बोटानं हळूहळू फिरवलं. मग दुसरी जोडी तशीच फिरवली. सहा फेऱ्यांचा तो खेळ ते पोरासारखे पाहत होते. उठताना म्हणाले, "गाडी वामन चालवते. त्याले जे पायजे ते बसवा."

रशीदभाईंचा चहा आला तो किसनरावांनी घेतला नाही. मला माहेरी सोडायला आले तेव्हाही ते आमच्यापासून चार पावलं पुढे चालत होते, आणि त्यांच्या पाठीकडे बघून मला त्या वयातही कळलं की हा माणूस आत्ता फक्त चाकांच्या जोडीवर हरलेला नाही.

सहा फेऱ्यांची, ओढीची जोडी बसली आणि मिलट्रीचा आवाज बदलला. पूर्वी ती गुरगुरायची. आता सडकेला लागली की एका सुरात कण्हायची, लांबवर. मला तो आवाज घरात चुलीपाशी बसून ओळखता यायचा. टेकडीमागून आला की मी भात टाकायची, पुलावर आला की ताट घ्यायची. नाल्यात मात्र ती राणी झाली. पेट्यांनी गच्च भरलेली, मागून दबलेली, ती पाण्यात उतरायची आणि न घाई करता, न थांबता समोरचा चढ चढून वर यायची. बाया टाळ्या वाजवायच्या. मामाजी बांधावर उभे राहून पाहायचे आणि कोणाशी न बोलता मिशीतल्या मिशीत हसायचे. तो महिना, सव्वा महिना त्या घरातला सगळ्यात सुखाचा काळ होता. मी तेव्हा वीस-एकवीसची. सुख ओळखता येण्याचं ते वय नव्हतं. नंतर मोजायला गेले तर तेवढंच निघालं.

किसनराव बाजारातून येत आणि गप्प जेवत. गाडी अजूनही उशिराच पोचत होती.

तोडा संपत आला तेव्हाची गोष्ट. तोडणारे गडी शेंड्यावरची फळं सोडून देतात, तिथं शिडी नीट टेकत नाही. मामाजींना ते सहन होत नसे. शेंड्यावरचं फळ उन्हात पिकलेलं, तेच सगळ्यात गोड, ते पाखरांना काहून ठेवायचं, असं म्हणत ते स्वतः चढत. त्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर ते चढले. शिडीचा एक पाय भुसभुशीत आळ्यात गेला. ते पडले ते बांधाच्या दगडावर, कुशीवर.

पहिल्यांदा काही झालंय असं वाटलं नाही. ते उठून बसले, पाणी मागितलं, पाणी प्यायले. सांडलेली संत्री गोळा करा म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायला लागला. पोट हाताला लागू देईनात. कपाळावर घाम, आणि घाम थंड. आत्याबाईंनी त्यांचा हात हातात धरला आणि वामनरावांकडे पाहिलं.

मिलट्री भरून उभी होती. ती रिकामी करायला वेळ कुठला. वामनराव आणि गड्यांनी मागची फळी पाडली आणि पेट्या तशाच ढकलून दिल्या. पेट्या फुटल्या, संत्री उतारावरून घरंगळत नाल्याकडे गेली, काही पाण्यात पडली आणि वाहत निघाली. मामाजींनी मान वळवून ते पाहिलं. मग डोळे मिटून घेतले. गाडीत तणस पसरलं, वर गोधडी, त्यावर त्यांना निजवलं. आत्याबाई त्यांच्या उशाशी, हातात पाण्याचा गडवा. मी पायाशी. वामनराव एकटे पुढे. गावातून जाताना पोस्टापाशी थांबून त्यांनी नागपूरच्या बाजारातल्या दुकानात फोन करायला सांगितलं, किसनरावांना मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणून.

मग सडक. आजचा तो रस्ता मी पाहते तेव्हा ओळखत नाही. तेव्हा तो डांबराची एक अरुंद पट्टी होती, कडा खाल्लेल्या, मधे खड्डे. वामनरावांनी गाडी जितकी पळेल तितकी सोडली. ते कण्हणं चढत चढत किंचाळण्यासारखं झालं, आणि प्रत्येक खड्ड्यात आम्ही तिघंही तणसावरून उचलले जाऊन खाली आदळत होतो. मामाजींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, फक्त प्रत्येक धक्क्याला घशातून एक आवाज येत होता. थोडं पुढे गेल्यावर ते आत्याबाईंना म्हणाले, "धक्के सहन होत नाई वं. त्याले म्हण, हळू चालव."

आत्याबाईंनी गडव्यानं केबिनच्या पत्र्यावर मारलं. केबिनला मागे लहान झरोका होता, त्याला तोंड लावून म्हणाल्या, "वामन, हळू चालव. बाबाले तरास होऊन राहिला."

गाडी हळू झाली. मामाजींनी श्वास सोडला. थोड्या वेळानं वामनरावांना राहवलं नाही, गाडी पुन्हा वेग घेऊ लागली. पुन्हा तो आवाज मामाजींच्या घशातून. पुन्हा आत्याबाईंनी पत्रा वाजवला. असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगता येईल की मिलट्री जितकी पळू शकत होती तितकीही ती त्या दिवशी पळाली नाही. ओढीची जोडी काय आणि पळीची काय, त्या सडकेवर तिचा काही संबंधच आला नाही. आम्ही मामाजींच्या दुखण्याच्या चालीनं चाललो होतो. शेजारून बैलगाड्या जात, सायकलवाले वळून पाहत. आकाश निळंशार, कपाशीची शेतं पांढरी फुटलेली. इतकं छान ऊन मी पुन्हा पाहिलं नाही.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये किसनराव आधीच येऊन उभे होते. फोन पोचल्यापासून उभे होते. फाटकातून त्यांनी आम्हाला आत येताना पाहिलं, तेव्हाही गाडी हळूच होती, कारण फाटकापाशी रस्ता खणलेला होता आणि आत्याबाईंनी पुन्हा पत्रा वाजवला होता. पण तो आवाज तिथपर्यंत गेला नाही. किसनरावांना दिसलं ते एवढंच की बाप मरायला टेकलाय आणि गाडी बैलगाडीसारखी येतेय.

मामाजींना आत नेलं. पोटात कुठंतरी आत रक्त साचत होतं. डॉक्टरांनी खूप धावपळ केली. दुपार कलली तशी एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि खाली बघून म्हणाले, थोडं आधी आणता आलं असतं तर. ते वाक्य ते रोज कोणाला तरी म्हणत असतील. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण काही वाक्यं ज्याच्या तोंडून निघतात त्याच्याजवळ राहत नाहीत.

किसनराव रडले नाहीत. पोर्चच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या वामनरावांपाशी ते गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते दुसरी जोडी बसवली असती न गा, तर बाबा वाचला असता."

वामनरावांनी आत्याबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या पायरीवर बसल्या होत्या, रिकामा गडवा मांडीत. एक वाक्य पुरलं असतं. मीच त्याले हळू चालव म्हणलं, एवढंच. त्यांनी पदर नीट केला आणि समोर बघत राहिल्या.

राख सावडून आल्यावर वामनराव गोठ्यामागे एकटे बसले होते. मी तिथं गेले आणि म्हणाले, तुम्ही सांगत काहून नाही? खरं काय झालं ते तुमच्या दादाजींना सांगा. त्यांच्या हातात एक काडी होती, तिनं मातीवर रेघा ओढत होते. मग म्हणाले, "मायचा नवरा गेला. आता हे बी तिच्याच डोक्यावर ठेवू काय? तू बोलू नको वं कोणासमोर."

मी बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती बहुधा एकच गोष्ट.

पुढच्या हंगामाच्या आत वाटणी झाली. किसनराव बायकोमुलांना घेऊन नागपूरला गेले, आत्याबाईंना सोबत नेलं. आपल्या वाट्याची नाल्याअलीकडची जमीन त्यांनी विकून टाकली, बाग आमच्याकडे राहिली. वामनरावांनी मिलट्री आणखी काही वर्षं चालवली. तिच्या आवाजावर मी भात टाकणं सोडलं होतं. तो सूर टेकडीमागून यायला लागला की मी उठून काहीतरी भांडं घासायला घ्यायची. मग बागेवर रोग पडला, झाडं वाळली, गाडी विकली आणि आम्हीही नागपूरजवळ हिंगण्याला आलो. एका कारखान्याच्या बसवर वामनरावांना चालकाची नोकरी लागली. पाळीच्या कामगारांना घरून आणायचं, घरी सोडायचं. तिथंही ते हळूच चालवत. कामगार कुरकुर करत. मी एकदा म्हटलं, जरा पळवत जा की. ते म्हणाले, पाय दबतच नाही.

किसनरावांनी ती गोष्ट कधी सोडली नाही. लग्नाचा मांडव असो की कोणाची तेरवी, चार पाहुणे जमले की ती निघायची. भांडत नसत. दुःखानं सांगत. रशीदभाईच्या गॅरेजपासून सुरुवात करत, दोन्ही जोड्यांचं वर्णन करत, आणि शेवटी डॉक्टरांचं वाक्य. ऐकणारे च्‌च्‌ करत आणि पंगतीत बसलेल्या वामनरावांकडे चोरून पाहत. नात्यातल्या नव्या सुनांना वामनरावांची ओळख ही अशीच व्हायची. मी वाढता वाढता ऐकायची. वामनराव पानावरची मान वर करत नसत. भाताचा एकेक घास करून, शेवटपर्यंत जेवून उठत. त्या जेवण्याचा मला जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचा आला नाही.

पण खरा राग आत्याबाईंवर. आम्ही भेटायला गेलो की त्या वामनरावांच्या तोंडावरून हात फिरवायच्या, मला कुंकू लावायच्या, पोरांच्या हातावर खाऊ ठेवायच्या. ते एक सोडून सगळं बोलायच्या. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी किसनरावांच्या घरी राहून त्यांचं केलं. केस विंचरून द्यायची, पाठ पुसायची, आणि प्रत्येक वेळी वाट पाहायची, आज म्हणतील, आत्ता म्हणतील. एकदा त्यांनी माझा हात धरला. ओठ हलले. मी कान जवळ नेला तर त्या म्हणाल्या, वामन जेवला काय? त्या गेल्या तेव्हा घरात सगळे रडले. मी चुलीपुढे बसून पाणी तापवत होते. माझ्या डोळ्यांतून थेंब आला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

वामनराव गेले त्याला आता काही हिवाळे झाले. झोपेतच गेले. त्यांच्या तेरवीला किसनराव काठी टेकत आले. ऐंशी ओलांडलेली, मान थरथरणारी. मांडवात पाहुण्यांमध्ये बसले, आणि भाऊ फार गुणाचा होता म्हणता म्हणता त्यांचं बोलणं वळलंच. पण ते एक झालं नसतं तर, असं म्हणाले. मी आत, दाराआड. इतकी वर्षं पाळलेला शब्द ज्याला दिला होता तो आता नव्हता. जेवणं झाल्यावर ते मागच्या पडवीत खुर्चीवर एकटे चहा घेत बसले होते. मी गेले आणि समोर उभी राहिले. पदर पुढे ओढला नाही. भासऱ्यांशी समोरासमोर मी पहिल्यांदाच बोलत होते.

मी सांगितलं. सडक, खड्डे, मामाजींचं म्हणणं, आत्याबाईंनी वाजवलेला पत्रा. वामनरावांनी का सांगू दिलं नाही तेही सांगितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून हा म्हातारा कोसळेल. खोटं कशाला बोलू, कोसळावा अशी इच्छा होती.

ते चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत हाय."

मला कळलं नाही.

"मायनं मले दुसऱ्याच दिवशी सांगतलं. राख सावडायले जाच्या आधी. वामनले काही म्हणू नको म्हणे, मीच त्याले हळू चालव म्हणलं. तुया बाबानंच म्हणायले लावलं." ते थांबले. "मीच तिले म्हणलं, हे पुन्हा काढशीन तर मी तुले कायमचा सोडून जाईन. मग ते नाही बोलली."

"काहून?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मायवर राग काढता येत होता काय, बाई? का बाबावर? कोणावर तरी काढाच लागत होता." मग चहाचा शेवटचा घोट घेऊन, "वामन काही म्हणत नव्हता. म्हणून त्याच्यावर काढला."

आणि मला ते पंगतीतलं जेवणं दिसलं. वामनराव आईसाठी गप्प, आई थोरल्यासाठी गप्प, आणि थोरला दोघांच्या गप्प बसण्यावर आयुष्यभर बोलत राहिलेला. दोन मुलांतला एक आपल्याला सोडून जाईल या भीतीनं त्या बाईनं दुसऱ्याची अब्रू जाऊ दिली होती, आणि तिचे केस विंचरताना मी तिच्या पाठीमागे बसून तिचा द्वेष करत होते.

किसनरावांनी रिकामा कप माझ्यापुढे धरला. आमच्या घरात मोठ्यांच्या हातातला कप सुनेनं घ्यायचा असतो. मी घेतला नाही. ते थोडा वेळ तसेच धरून बसले, कप बशीवर वाजत होता. शेवटी त्यांनी काठीचा आधार घेत वाकून तो स्वतःच जमिनीवर ठेवला. त्यांना वाकायला फार वेळ लागला. मी पाहत उभी राहिले.

मग आत गेले. स्वयंपाकघरात बाया भांडी लावत होत्या. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं, असं की थांबेना. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी पाणी आणलं, रडू द्या, नवरा गेला बिचारीचा, असं कोणीतरी म्हणालं. कोणाला काय सांगणार होते. वामनरावांसाठी माझं रडून झालं होतं. मी आत्याबाईंसाठी रडत होते.